पाठीवरचं गवत

परवा सकाळी मागच्या डेकचं दार उघडलं आणि लायलॅकच्या जांभळ्या फुलांचा वास घरात आला. म्हणजे हिवाळा खरंच संपला. इथे अमेरिकेत, आमच्या ईडन प्रेरी गावात, कॅलेंडरवर भरवसा ठेवायचा नसतो. एप्रिल अर्धा सरल्यावरही फावड्यानं बर्फ उपसलंय आम्ही. पण लायलॅक फुललं की मानायचं आणि जाड कोट वरच्या कपाटात टाकायचे.

नागपूरची आहे मी. मे महिन्याचा वास म्हणजे कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा, हे माझ्या नाकात पक्कं बसलेलं. इतकी वर्षं इथे लायलॅक फुललं तरी मला वाळाच आठवायचा. गेल्या वर्षापासून मात्र भलतंच आठवतं. बिनवासाचं लोशन! "ज्याला वासच नाही ते वासावरून कसं काय आठवतं?" असं सुधीर विचारतो. सुधीर म्हणजे माझा नवरा. इंजिनिअर आहे, त्याला असेच प्रश्न पडायचे. पण आठवतं बाप्पा, काय करू? उजव्या हाताची दोन बोटं आपोआप एकमेकांवर फिरायला लागतात आणि माझ्या लेकीची पाठ डोळ्यांसमोर येते.

गेला उन्हाळा मी त्या पाठीमागे बसून काढला.

मुक्ता आमची एकुलती एक. इथेच जन्मली, इथेच वाढली, गेल्या उन्हाळ्यात सव्वीस वर्षांची होती. ती काम काय करते हे नागपूरला फोनवर सांगताना माझी फार पंचाईत होते. इथल्या मूळच्या गवताळ रानाला प्रेरी म्हणतात. नांगराखाली गेलेलं ते रान पुन्हा उभं करायचं, हे तिचं काम. बिया गोळा करायच्या, पेरायच्या, आणि वसंतात मुद्दाम आग लावायची, म्हणजे गवत जोमानं फुटतं. "म्हणजे अमेरिकेत राहून पोट्टी गवत उगवते?" माझ्या भावानं विचारलं होतं. "हो," म्हटलं, "आणि जाळते पण." इथलं तिचं काम संपलं होतं, ऑगस्टपासून पार ओरेगनमध्ये नवी नोकरी होती. मधला उन्हाळा ती आमच्याकडे राहायला आली, लायलॅकची शेवटची फुलं असताना. दोन बॅगा, एक सायकल आणि चिखलाचे बूट.

आल्यावर आठवड्याभरातच एका शनिवारी सकाळी गेली ती संध्याकाळी परतली आणि जेवायला खुर्चीत ताठ बसली. पाठ टेकेचना.

"आई, डोन्ट फ्रीक आउट," ती म्हणाली. हे वाक्य ऐकलं की मी आधी फ्रीक आउट होते आणि मग पुढचं ऐकते.

तिनं वळून शर्ट मागून वर केला. पारदर्शक चिकटपट्टीखाली ओली काळी रेघ, मानेच्या खालून निघालेली. मला आधी काही उमगेच ना. टॅटूत लोक मोर काढतात, गुलाब काढतात, नवऱ्याचं नाव काढतात. माझ्या लेकीनं पाठीवर गवत काढून घेतलं होतं. एक काडी, तिला वर तीन बोटांचा तुरा, आणि खाली मुळं. मुळंच मुळं. गवत चार बोटं आणि मुळं वीतभर.

मुळं म्हटल्यावर माझा जीव जरा हलला. म्हटलं, चला, नागपूर, आईबाप, काहीतरी आठवलं पोरीला. "मुळं म्हणजे आपली ना गं?"

"नो, आई. इट्स बिग ब्लूस्टेम. त्याचे रिअल रूट्स असेच असतात."

गवताचीच मुळं. वर दिसतं त्यापेक्षा जमिनीखाली कितीतरी जास्त असतं, म्हणून आग लावली तरी ते मरत नाही, असं तिनं आम्हाला समजावलं. सुधीरनं चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाला, "गवतच पाहिजे होतं तर आपलं लॉन काय वाईट होतं?"

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. एवढी नितळ पाठ! "विचारायचं तरी," मी म्हटलं. "विचारलं असतं तर तू नाही म्हटलं असतं," ती म्हणाली. ते खरं होतं, त्यामुळे आणखीच राग आला. मी ताट उचलून बेसिनकडे निघाले, तेव्हा मागून आवाज आला, "आई, माझा हात तिथे पोचत नाही. रोज दोनदा धुवायचं असतं, लोशन लावायचं असतं. विल यू?"

आता हे नीट सांगते, नाहीतर त्यात एवढं काय, असं वाटेल. ही मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली आणि तिनं खोलीचं दार लावून घेतलं. केसांना तेल नको, वेणी नको, पाठीवरून हात फिरवलेला नको. "आई, पर्सनल स्पेस." इथली मुलं म्हणतातच असं, मला कळत होतं. कळलं म्हणून बोचत नाही असं थोडंच असतं. भेटताना आणि निघताना एक मिठी, तीही कोटावरून. एवढ्यावर मी दहा-बारा वर्षं काढली होती. आणि आता ती स्वतः विचारत होती, लावशील का म्हणून.

"बघू," मी म्हटलं. आतून मी लहान पोरीसारखी नाचत होते.

काही दिवसांनी ती चिकटपट्टी काढायची होती. कोमट पाण्याच्या धारेखाली मी एक कोपरा सुटा केला आणि हळूहळू सोलत गेले. आत साचलेलं शाईचं पाणी ओघळलं. "टॅटू वाहून चाललं की काय गं?" मी ओरडले. ती हसायला लागली. मग बिनवासाचा साबण तळव्यावर फेसाळून तळव्यानंच धुवायचं, पेपर टॉवेलनं टिपायचं, पुसायचं नाही. टिपता टिपता मला डाव्या खांद्याखाली एक तीळ दिसला. विसरलेच होते मी त्याला! जन्माच्या वेळी मोहरीएवढा होता. "बरा आहेस का रे?" मी त्याला विचारलं. "हू आर यू टॉकिंग टू?" मुक्तानं विचारलं. ओळखीचं आहे एक जण, म्हटलं.

पण हाताच्या सवयी हाताबरोबरच जातात. ती तान्ही असताना आम्ही इथेच एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. बाहेर बर्फ, आत हीटरची घरघर, आणि मदतीला कोणी नाही. मी जमिनीवर पाय लांब करून बसायची, नडग्यांवर तिला पालथी घालायची आणि कोमट तेल घेऊन मणक्याच्या दोन्ही अंगांनी खालून वर रगडायची. तिच्या पाठीवर माझे हात पडले आणि त्यांना तेवढंच आठवलं. लोशन घेतलं आणि निघाले खालून वर.

"आई! डोन्ट रब! पॅट, पॅट!"

"बरं बाई."

"आणि इतकं नको. थिन लेअर. तू पुरणपोळीवर तूप नाही घालत आहेस."

लोशनाचा पातळ हात लावणं आम्हा लोकांना जमत नाही, हे मात्र मला मान्य आहे. तूप, साय, तेल, काही म्हणून पातळ लावायचं ठाऊकच नाही. पण शिकले. वाटाण्याएवढं घ्यायचं, दोन बोटांत ऊब येईपर्यंत फिरवायचं, आणि टिपक्या टिपक्यांनी मुळांवरून खाली जायचं. सुधीरनं आपली धुऊन धुऊन मऊ झालेली बनियनं तिला घालायला काढून दिली, टॅटूला घासायला नको म्हणून. "ही मी जपून ठेवलेली होती," तो म्हणाला. भोकं पडलेली बनियनं जपून ठेवणारा माणूस त्या उन्हाळ्यात खरोखर उपयोगी ठरला.

आणि गंमत सांगू का? पाठ असली की माणूस बोलतो. समोरासमोर बसून मी काही विचारलं तर मुक्ता "फाइन" म्हणते, आणि फाइनच्या पुढे मला आजवर जाता आलेलं नव्हतं. आता ती बाथरूममधल्या स्टुलावर पाठमोरी बसायची, खिडकीतून मेपलचा हिरवा उजेड यायचा, आणि ती आपणहून सांगायची. रान पेटवतात तेव्हा आधी सगळे वाऱ्याकडे तोंड करून गप्प उभे राहतात, ते. एक मुलगा होता, आता नाही, ते. ओरेगनमध्ये कोणीच ओळखीचं नाही, झोप उडते कधी कधी, ते. मी फक्त हूं म्हणायची. माझं तोंड तिला दिसत नव्हतं हे बरंच होतं, नाहीतर सल्ले दिसले असते त्याच्यावर. पुष्कळदा लोशन कधीच लावून झालेलं असायचं आणि मी उगाच बोटं फिरवत राहायची. तिलाही ते कळत असणार. ती उठायची नाही.

जूनच्या शेवटी मराठी मंडळाची पिकनिक होती, तळ्याकाठी. इथला उन्हाळा एवढासा असतो, त्यामुळे सगळे जण जणू उद्या बंद होणार अशा घाईनं तो उपभोगतात. भेळ, भाजलेली कणसं, डास, सगळं एकदम. मुक्ताला ऊन चालणार नव्हतं, पोहायला तर बंदीच, म्हणून ती सैल शर्टात झाडाखाली बसली होती. मागून तुऱ्याचा शेंडा दिसत होता. शैलाताई आल्या, आमच्या मंडळातल्या सगळ्यात मोठ्या. मुक्ता त्यांना शैलाकाकू म्हणते. "बघू गं, बघू!" करत त्यांनी कॉलर खाली ओढून सगळं पाहिलं.

"अगं बाई, किती सुरेख! अस्सा कशिदा आजकाल कापडावर पण कोणी करत नाही!"

त्याच संध्याकाळी पाठ लाल झाली आणि खाजायला लागली.

आता मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. कारणाशिवाय बिघाड होत नाही, हे मी ऑफिसात रोज पोरांना ऐकवते. इथेही कारण स्वच्छ होतं. नजर लागली. शैलाताई मनानं फार चांगल्या, पण नजरेला मन काय करणार? दुसऱ्या दिवशी सकाळी लोशन लावून झाल्यावर मी गुपचूप काजळाची पेन्सिल काढली आणि मुळांच्या खाली, बोटभर अंतरावर, छान गोल तीट लावून दिली. टॅटूवर नाही हं! तेवढी अक्कल आहे मला. मग हात धुतले, मीटिंगला बसले, आणि विसरून गेले.

मुक्तानं लाली दाखवायला पाठीचा फोटो काढून टॅटू काढणाऱ्या नोराला पाठवला. पाच मिनिटांत नोराचा फोन. खालच्या बाजूला काहीतरी काळं दिसतंय, जंतू गेले असतील तर थांबून चालणार नाही, आत्ता या. मुक्ताचा चेहरा उतरला. मी गाडी काढली. रस्ताभर मी गणपतीला नारळ, मोदक, आणखी काय काय बोलले ते त्याचं त्याला माहीत. माझी पोट्टी शेजारी बसून ओठ चावत होती आणि मला शैलाताईंचा इतका राग आला होता की विचारू नका.

नोरा म्हणजे दोन्ही हात खांद्यापर्यंत रंगवलेली, नाकात माझ्या नथीपेक्षा मोठी रिंग, आणि बोलायला इतकी मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागतं. तिनं हातमोजे चढवले, दिवा जवळ ओढला, ओल्या कापसानं हलकेच टिपलं. काळं सगळं कापसावर आलं. पाठ साफ.

आम्ही तिघी कापसाकडे बघत राहिलो. मग मला आठवलं.

"आई," मुक्ता म्हणाली, "व्हॉट इज दॅट?"

"काजळ," मी म्हटलं.

मग त्या खुर्चीशेजारी उभं राहून मला माझ्या इंग्लिशमध्ये तीट समजावून सांगावी लागली. की बाई, वस्तू फार सुंदर झाली की लोकांची नजर जाते. म्हणून आपणच तिच्यात एक खोट करून ठेवायची. बाळाच्या गालाला लावतो तशी. हातमोजे काढता काढता नोरा थांबली. चांगलं काम हातून झालं की तिलाही भीती वाटते, असं ती म्हणाली, फक्त त्यावर उपाय असतो हे माहीत नव्हतं. लाली उन्हाची होती. मुळं उत्तम बरी होत होती. मी इतकी हसले सुटल्यासारखी, पण मुक्ता हसली नाही.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "हात धुऊनच लावली होती गं."

"दॅट्स नॉट द पॉइंट, आई. तू मला विचारलं पण नाहीस."

"तू विचारलं होतंस मला, गवत काढताना?"

"इट्स माय बॅक!" ती म्हणाली. मग सीट बेल्ट ओढून लावत, "इट्स ओके. आता माझं मी करीन."

झालं. कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. बारा वर्षांनी उघडलेलं दार, आणि मी काजळाच्या एका ठिपक्यानं ते लावून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं. मुक्ता आरशाकडे पाठ करून, मान मुरगळून उभी होती, आणि तिच्या हातात माझं उलथणं होतं. सिलिकॉनचं, लाल, मी ढोकळ्याचं पीठ निपटायला वापरते ते. त्याच्या टोकाला लोशन घेऊन ती पाठीवर लावत होती. निम्मं बनियनवर, निम्मं आरशावर. मला हसू आणि रडू एकदमच आलं. आत जावं, ते उलथणं हिसकावून घ्यावं, असं फार वाटलं. पण गेले नाही. स्वयंपाकघरात जाऊन कणीक तिंबत बसले. त्या दिवशीच्या पोळ्या फार मऊ झाल्या होत्या, सुधीरनं दोनदा सांगितलं.

असे दोन-चार दिवस गेले असतील. मी दुपारी डेकवर सावलीत लॅपटॉप घेऊन ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. मुक्ता बाहेर आली, माझ्याशेजारच्या गादीवर पालथी पडली आणि उशीत तोंड खुपसून कण्हली, "आई, इट इचेस सो बॅड. आय वॉन्ट टु डाय."

बरं होताना खाज सुटतेच. आणि खाजवायचं तर अजिबात नाही, पापुद्र्याबरोबर शाई निघून येते. "नोरानं काय सांगितलंय?"

"पॅट इट. हलकं हलकं. पण माझा हात तिथे..."

मी हात ठेवला आणि थोपटायला लागले. अहो, थोपटायचं होतं फक्त! एवढ्या साऱ्या नियमांत, एवढ्या साऱ्या नको-नकोत, शेवटी माझ्या हाताला जन्मजात येणारी गोष्ट निघाली. थोपट, थोपट. तळव्याची पोकळी करून, एका लयीत. तिचे खांदे सैल झाले. तळ्याकडून वारा आला, शेजाऱ्यांचं गवत कापायचं मशीन लांब कुठेतरी चालू होतं, आणि सव्वीस वर्षांचं माझं घोडं तोंड उघडं टाकून झोपलं. मी थोपटतच राहिले. इतकी सुखी मी त्या वर्षात एरवी कधी झाले नव्हते.

"सॉरी," लॅपटॉपमधून मॅनेजरचा आवाज आला, "कोणाच्या दारावर कोणी थाप मारतंय का? जाऊन बघता का प्लीज?"

माझा माइक चालू होता. मी तो बंद केला आणि थोपटत राहिले.

संध्याकाळी उलथणं धुऊन जागेवर आलं आणि स्टुलावर पाठ आली. जुलैत पापुद्रे निघाले. काळे, बारीक, जळक्या कागदासारखे, चादरभर. मग टॅटू काही दिवस दुधाळ दिसलं, मुळं धुक्यात गेल्यासारखी, आणि मी पुन्हा घाबरले. मग एका सकाळी कातडी स्वच्छ झाली आणि प्रत्येक धागा वेगळा दिसायला लागला. मला ते गवत आवडायला लागलं होतं. मंडळात कोणी विचारलं की मीच सांगायची, याचं वर दिसतं ते काहीच नाही, खरी गंमत खाली असते. पण मी दुसरंही काही बघत होते. टॅटू बरं होत होतं म्हणजे लोशन संपत आलं होतं, आणि लोशन संपलं की ऑगस्ट. लोक जखम लवकर भरावी म्हणून देवाला हात जोडतात. मी म्हणत होते, भरू दे, पण जरा सावकाश.

देवानं सावकाश काही केलं नाही. निघायची सकाळ आली. सायकल गाडीवर बांधून झाली, सुधीर टायरमधली हवा पुन्हा पुन्हा तपासत होता. मी डब्यात दशम्या भरत होते, तेव्हा मुक्ता स्वयंपाकघरात येऊन पाठमोरी उभी राहिली.

"आई, लोशन."

"आता कशाला? बरं झालं की कधीच."

"लाव ना."

मी शर्ट वर केला, बोटांत लोशन फिरवलं, तुऱ्यापासून सुरुवात केली. काडी, गाठी, मुळं, डावीकडचा आमचा तीळ. अगदी खालच्या मुळाच्या टोकाखाली काहीतरी काळं लागलेलं होतं. सायकलच्या साखळीचं ग्रीस असणार. मी पदराच्या... म्हणजे ॲप्रनच्या टोकानं पुसलं. गेलं नाही. अंगठा ओला करून पुसलं. तरी गेलं नाही. भोवतीची कातडी जरा लाल दिसली. गोल होतं. मुळांपासून बोटभर अंतरावर होतं.

माझा हात तिथेच थांबला.

"काल नोराकडे टच-अपला गेले होते," मुक्ता पाठमोरीच म्हणाली. "नोरा म्हणाली, तीट नेमकी कुठे हवी? मी म्हटलं, आईच्या एका बोटाएवढी खाली. यू वोन्ट बी देअर एव्हरी डे, आई. सो..."

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, त्यात काय लाजायचं. ती वळली आणि मला मिठी मारली, आणि मध्ये कोट नव्हता. माझ्या लोशनाच्या हातांचे ठसे तिच्या शर्टावर उमटले, ते तिनं तसेच ओरेगनला नेले. माझं लाल उलथणंही नेलं, नवीन ठिपक्याला लोशन लावायला. विचारलं नाही अर्थात.

आता ती पुढच्या आठवड्यात सुट्टीवर येते आहे. परवा, लायलॅक फुललं त्याच दिवशी फोन आला. इकडे आली की नोराकडे जाऊन अजून एक काढायचं म्हणाली. छोटासा पक्षी, त्या गवतात राहणारा.

"कुठे काढणार?" मी विचारलं.

"हातावर. इट्स ईझी, माझं मला लोशन लावता येईल. तुला त्रास नको."

"काहून हातावर?" मी म्हटलं. "पाठीवर उजवीकडे एवढी जागा रिकामी पडली आहे, ती काय वाया घालवायची आहे?"

ती फोनवरच हसायला लागली, थांबेचना.

"ओके, आई," ती म्हणाली. "पाठीवर."

लोशनची नवी बाटली मी आणून ठेवली आहे.